नेस्क नदीच्या घळईतून

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात चुनखडीच्या प्रदेशावर एक लहानसा धडा असे. इंदूरच्या एका मराठी शाळेत तो धडा मी तीस वर्षे शिकवला. फळ्यावर पांढऱ्या खडूने एक पठार काढावे, त्यावरून निळ्या खडूने एक नदी आणावी, आणि मध्येच ती थांबवून मुलांना सांगावे, “येथे पाणी नाहीसे होते.” मुले तेवढे वाक्य वहीत उतरून घेत. एखादा चौकस मुलगा विचारी, “सर, नाहीसे म्हणजे कुठे जाते?” मी तुटक निळी रेघ काढून पठाराच्या पायथ्याशी एक झरा दाखवीत असे. ती रेघ मी स्वतः कधी पाहिली नव्हती. पाहण्याचा योग निवृत्तीनंतर आला, तोही सायकलवर बसून. त्या प्रवासाची हकिकत आपणांस सांगावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी पुतणी फ्रान्समधील ल्यों शहरात शिकते. जूनच्या अखेरीस तिला चार दिवसांची सुटी होती. “काका, पॅरिस सगळेच पाहतात. तुम्हाला मी तुमचा धडा दाखवते,” असे म्हणून तिने नकाशावर एका बारीक वेड्यावाकड्या रेषेवर बोट ठेवले. ती नेस्क नदी होती. फ्रान्सच्या आग्नेय भागात प्रोव्हांस नावाचा प्रांत आहे. त्याच्या पश्चिमेकडून ऱ्होन ही मोठी नदी भूमध्य समुद्राकडे जाते, आणि उत्तरेला व्हांतू नावाचा एकाकी पर्वत सुमारे १,९१० मीटर उंच उभा आहे. त्याच्या पूर्वेकडील उतारावर नेस्क उगम पावते, सो नावाच्या गावाखालून वाहते, मग एका खोल घळईत शिरते आणि शेवटी मैदानात उतरून सोर्ग नदीला मिळते. आम्ही मैदानाकडून निघून तिच्या उगमाच्या दिशेने जाणार होतो.

ल्योंहून आगगाडीने आव्हिन्यों, आणि तेथून दुसऱ्या लहान गाडीने कार्पांत्रास. या शेवटच्या फाट्यावरील प्रवासी वाहतूक अनेक दशके बंद होती, ती २०१५ साली पुन्हा सुरू झाली. या गाड्यांतून सायकली नेता येतात. डब्यात त्या अडकवण्यासाठी खास जागा असते, आणि आपल्याकडे दूधवाले लोकलमध्ये किटल्या चढवतात तितक्या सहजतेने तेथील प्रवासी सायकली चढवतात. आम्ही मात्र सायकली कार्पांत्रास येथे भाड्याने घेतल्या. पुतणी मला बॅटरीची सायकल घेण्याचा आग्रह करीत होती. मी गिअरची साधी सायकल घेतली. हा मानीपणा पुढे मला थोडा महाग पडला.

कार्पांत्रासच्या आसपासचे मैदान पाहताना हा कोरडा मुलूख आहे असे कोणी म्हणणार नाही. द्राक्षांचे मळे, चेरीच्या बागा, ऑलिव्हची करडी झाडे, आणि त्यांच्यामधून वाहणारे पाट. ही हिरवाई मात्र निसर्गदत्त नाही. एकोणिसाव्या शतकात येथे कालवा खणून द्युरांस नदीचे पाणी आणले गेले, तेव्हा हे मैदान बागायती झाले. शेतांच्या उत्तर कडेला सुरूसारख्या उंच सायप्रस झाडांच्या दाट रांगा दिसतात. त्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत. ऱ्होनच्या खोऱ्यातून उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा थंड, कोरडा वारा येतो, आणि तो एकदा सुटला की कित्येक दिवस थांबत नाही. जुनी घरे पाहावीत तर त्यांच्या उत्तरेच्या भिंतीला खिडकी जवळजवळ नसतेच. मोटारीत बसणाऱ्याला या गोष्टी कोणी सांगितल्यावाचून कळत नाहीत. सायकलस्वाराला वारा स्वतःच सांगतो. आमच्या सुदैवाने त्या दिवशी तो शांत होता.

माझां आणि मोर्म्वारों ही गावे मागे टाकून आम्ही व्हील-स्यूर-ओझों या गावी पोचलो. तोवर सुमारे अठरा किलोमीटर झाले होते. गावाच्या भोवती प्लातान वृक्षांची दाट सावली आहे. आपल्यापैकी ज्यांनी काश्मीर पाहिले आहे, त्यांना या झाडाची ओळख चटकन पटेल. काश्मीरचा चिनार आणि हा प्लातान एकाच कुळातील. पानांचा आकार तोच, सोलून निघाल्यासारखे चट्ट्यापट्ट्यांचे खोडही तसेच. त्या सावलीत दगडी कारंजे होते आणि त्याच्या तोटीतून अखंड धार पडत होती.

“काका, तिन्ही बाटल्या भरून घ्या,” पुतणी म्हणाली.

“अगं, नदीच्या काठाने तर जायचे आहे! पाण्याला काय तोटा?” असे म्हणून मी एकच बाटली भरली, कारण चढावर ओझे नको होते. तीस वर्षे ज्याने मुलांना चुनखडीत पाणी टिकत नाही असे शिकवले, त्याच गुरुजींचे हे उद्गार होते.

गाव सोडले की रस्ता घळईत शिरतो. मनात ज्या भयंकर चढाची धास्ती होती, तो चढ येथे नाही. गावापासून सर्वांत उंच सज्ज्यापर्यंत सुमारे वीस किलोमीटरांत रस्ता सव्वाचारशे ते साडेचारशे मीटर चढतो. म्हणजे शंभर मीटर पुढे जावे तेव्हा दोन-सव्वादोन मीटर वर. साठी ओलांडलेल्या माणसानेही बेताने पाय मारीत राहावे, बोलता बोलता उंची गाठली जाते. कडेला पिवळ्या डोक्याचे अंतरदर्शक दगड असतात. एका दगडाला मागे टाकून पुढच्याची वाट पाहावी, एवढाच हिशेब मनात उरतो.

फ्रान्समध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. चढताना घळईही उजव्याच हाताला असते, त्यामुळे दरीचा कडा अगदी आपल्या बाजूला येतो. मध्ये दगडी कठडा आहे, पण तो गुडघ्याइतकाच. कठड्यापलीकडे पांढरट-करडे कडे सरळ खाली उतरलेले, आणि तळाशी ओक व बॉक्स या झुडपांची इतकी दाट गर्दी की नदी दिसतच नाही. रस्ता डोंगराच्या प्रत्येक दंडाला वळसा घालतो. जेथे वळसा घालणे शक्य झाले नाही, तेथे खडक फोडून लहान बोगदे केले आहेत. उन्हातून त्यांत शिरताच अंगावर गारवा येतो आणि सायकलच्या साखळीचा आवाज दुप्पट होऊन कानी पडतो. बाहेर आल्यावर रानटी थाइमचा वास येतो, तो आपल्या ओव्याची आठवण करून देतो. याचे कारण असे की दोहोंतही थायमॉल हे द्रव्य आहे.

सह्याद्रीच्या किंवा माळव्याच्या काळ्या दगडाशी या खडकाचे काहीच नाते नाही. आपला दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून बनला. येथील दगड सुमारे बारा कोटी वर्षांपूर्वीच्या उबदार, उथळ समुद्राच्या तळाशी घडला. त्या समुद्रात राहणाऱ्या जीवांची कवचे आणि सांगाडे एकावर एक साचत गेले आणि त्यांचा चुनखडक झाला. काळा दगड पाण्याने झिजतो. चुनखडक त्याहून निराळा, तो पाण्यात विरघळतो. पावसाचे पाणी हवेतून आणि मातीतून थोडे आम्ल घेते, खडकाच्या भेगांत शिरते, भेग रुंद करते, भेगेची नळी होते आणि नळीची गुहा. मेघालयातील गुहा किंवा आंध्रमधील बोर्रा गुहा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी याच क्रियेचे फळ पाहिले आहे. काही लाख वर्षे हे काम चालले, की नदी वरून वाहण्याऐवजी खालून वाहू लागते.

दहाएक किलोमीटर झाले असतील. ऊन डोक्यावर आले आणि माझी बाटली रिकामी झाली. या रस्त्यावर मध्ये गाव नाही, घर नाही, तोटी नाही. एका वळणावर झाडी विरळ झाली आणि प्रथमच नदीचे पात्र दिसले. मी सायकल कठड्याला टेकवून खाली पाहिले. पात्रात पांढरे गोटे होते, वाळलेल्या फांद्या होत्या, पुराच्या पाण्याने घासून गुळगुळीत केलेले खडक होते. पाण्याचा एक थेंब नव्हता. फळ्यावर निळा खडू जेथे थांबत असे, ती जागा समोर होती.

पुतणी पुढे गेली होती. माझी जीभ टाळूला चिकटली, पायांत गोळे येऊ लागले, म्हणून मी कड्याच्या सावलीत बसलो. इतक्यात उतारावरून एक वृद्ध जोडपे सायकलींवर आले. दोघेही सत्तरीच्या पुढचे असावेत. मला पाहून त्यांनी ब्रेक दाबले. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना येत नव्हती. रिकामी बाटली उलटी करून दाखवली, तेव्हा आजीबाईंनी काही न बोलता आपल्या बाटलीतले पाणी माझ्या बाटलीत ओतले, आणि मग खालच्या कोरड्या पात्राकडे बोट दाखवून मान हलवली. त्या हसल्या, पण त्यात चेष्टा नव्हती. नवख्या माणसाची ही चूक त्यांनी पूर्वीही पाहिली असावी. पाणी देणाऱ्याचे आभार कोणत्याही भाषेत मानता येतात. मी हात जोडले.

पुतणी परत मागे आली होती. तिने दुसरी बाटली पुढे केली आणि “पाण्याला काय तोटा, नाही का काका?” एवढेच म्हणाली.

रस्त्याचा सर्वांत उंच सज्जा कास्तेलारास या नावाने ओळखला जातो. त्याची उंची ७३४ मीटर आहे. येथून समोर रोशे द्यु सीर हा ८७२ मीटर उंचीचा प्रचंड कडा दिसतो. नावाचा अर्थ ‘मेणाचा खडक’. पूर्वी या कड्याच्या कपारींत रानमधमाश्यांची इतकी पोळी असत की मध आणि मेण खडकावरून ओघळत असे, अशी आख्यायिका आहे. प्रोव्हांसच्या भाषेतील थोर कवी फ्रेदेरिक मिस्त्राल यांनी १८६७ सालच्या आपल्या ‘कालांदाल’ या काव्यात नायकाला मधासाठी या कड्यावर पाठवले आहे. सज्ज्यावर त्या कवीचे स्मरण करणारा दगड उभा आहे. मिस्त्राल यांना १९०४ सालचे साहित्याचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मौज अशी की येथील वाऱ्याचे आणि कवीचे नाव एकच! राजधानीच्या भाषेपुढे मागे पडत चाललेल्या आपल्या मातृभाषेचा कोश करण्यात या कवीने आयुष्याची कित्येक वर्षे घालवली. घरापासून दूर, अन्य भाषांच्या प्रांतांत राहून मुलांना मराठी शिकवणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना त्याचे मोल निराळे सांगावयास नको.

सज्ज्यापासून उतार लागतो आणि थोड्याच वेळात मोन्यो हे गाव येते. डोंगराच्या कुशीत बसलेली दगडी घरे आणि वर मध्ययुगातील एक टेहळणीचा बुरूज. या घळईतील एका कपारीत निअँडरथल मानवाचे अवशेष सापडले आहेत, म्हणजे माणूस येथे फार जुना. गावातल्या पहिल्या तोटीकडे मी धावलो, तोच पुतणीने हात धरला. तोटीवर पाटी होती, ‘पिण्यायोग्य नाही’. दुसऱ्या तोटीवर तशी पाटी नव्हती. फ्रान्सच्या खेड्यांतून फिरताना ही पाटी वाचायला आधी शिकावे. ते पाणी मी ओंजळीने प्यालो. बाटली भरण्याची आठवण नंतर झाली.

फ्रान्समधील जवळजवळ प्रत्येक खेड्यात पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्यांच्या नावांचा दगड असतो. गाव मूठभर घरांचे असले तरी यादी लांबच लांब असते. एकच आडनाव दोनदा, तीनदा आले की ते भाऊ असावेत हे न सांगता कळते. १९१४ ते १९१८ या चार वर्षांनी ही खेडी जी रिकामी केली, ती पुन्हा पूर्ववत भरली नाहीत. त्या दगडापुढे उभे राहताना आपली माणसेही आठवतात. सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी सैनिकांची पहिली जहाजे येथून दक्षिणेला असलेल्या मार्सेय बंदरालाच लागली होती. उत्तरेकडील रणांगणावर, नव्ह-शापेल येथे, कबर नसलेल्या चार हजार सातशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावे एका स्मारकावर कोरलेली आहेत.

मोन्योपासून सो हे गाव सहाएक किलोमीटरवर आहे. येथे खोरे उघडते, आणि नेस्कला पाणी दिसते, बेताचेच, पण वाहणारे. खोऱ्याच्या तळाची माती पाणी धरून ठेवते. कोरडे पात्र सुरू होते ते पुढे, चुनखडीत शिरल्यावर. सोच्या गच्चीसारख्या कड्यावरून खाली पाहिले तर रेघा आखलेल्या कापडासारखी शेते पसरलेली दिसतात. जांभळ्या पट्ट्या लव्हेंडरच्या, पिवळसर पट्ट्या धान्याच्या. आम्ही गेलो तेव्हा फुलोरा नुकता धरत होता. खरी बहार जुलैच्या मध्यास येते आणि त्यानंतर कापणी होते.

लव्हेंडर दोन प्रकारचे असते. उंचावर, कमी पाण्यात वाढणारे अस्सल लव्हेंडर, आणि लाव्हांदें नावाचा संकर. अस्सल लव्हेंडरचे एक किलो तेल काढण्यास शंभर किलोंहून अधिक फुले लागतात. संकराचे तेल त्याहून पुष्कळ जास्त निघते, पण वास तितका नाजूक नसतो. गेल्या काही दशकांत एका सूक्ष्म रोगजंतूने या पिकाला ग्रासले आहे. एक लहान किडा तो रोपारोपांतून पसरवतो आणि झुडपे अकाली वाळतात. उष्ण व कोरडे उन्हाळे त्यात भर घालतात. जांभळ्या शेतांची छायाचित्रे जगभर जातात. त्या रांगांमध्ये करड्या, मेलेल्या झुडपांची खिंडारे असतात, ती सायकलच्या वेगाने गेले तरच नजरेस पडतात.

रात्रीच्या जेवणात आमच्या ताटात एका जुन्या धान्याचे दाणे शिजवून आले. हा येथील ‘पती एपोत्र’, म्हणजे सालीसकट राहणारा एक प्राचीन गहू. चव घेताच मी म्हणालो, “हा तर आपल्या खपलीचा भाऊ!” आणि ते खरेच आहे. खपली आणि हा गहू या दोन वेगळ्या जाती, पण दोन्ही माणसाने फार प्राचीन काळी लागवडीस आणलेल्या, दोन्हींचे तूस सहज सुटत नाही, आणि दोन्ही हलक्या जमिनीवर तग धरतात. पाणी कमी असलेल्या माणसांनी दोन खंडांत सारखीच निवड केली.

सोच्या मागेच व्हांतू पर्वत आहे. त्याचा माथा दुरून बर्फाने झाकल्यासारखा पांढरा दिसतो, पण उन्हाळ्यात तो बर्फ नसून उघडा चुनखडक असतो. जहाजांसाठी आणि कोळशासाठी पूर्वी या पर्वताची जंगले तोडली गेली, आणि एकोणिसाव्या शतकात पुन्हा लावली गेली. सायकल शर्यतींच्या जगात याचे नाव आदराने आणि भीतीने घेतले जाते. १३ जुलै १९६७ रोजी भर उन्हात चढताना टॉम सिम्पसन हा इंग्रज शर्यतपटू येथेच कोसळला आणि मरण पावला. त्याने उत्तेजक द्रव्ये घेतली होती. त्याच्याही कितीतरी आधी, एप्रिल १३३६ मध्ये, इटालियन कवी पेत्रार्क आपल्या भावासह हा पर्वत चढला. केवळ माथ्यावरून काय दिसते ते पाहावे, एवढाच हेतू होता, असे त्याने एका पत्रात लिहिले आहे. आम्ही पर्वताला खालूनच नमस्कार केला. आमचे काम त्याच्या पोटात मुरणाऱ्या पाण्याशी होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून आम्ही दक्षिणेकडचे पठार ओलांडले. त्या दिवशीची वाट पन्नास-साठ किलोमीटरांची होती. हे पठार वरून साधे दिसते. ओकची झुडपे, मेंढ्यांची कुरणे, लव्हेंडर. पाऊस येथे चांगला पडतो, तरी ओढा म्हणून दिसत नाही. जमिनीत ठिकठिकाणी खोल विवरे आहेत, काही शेकडो मीटर खोल. १९७१ ते १९९६ या काळात याच पठाराखाली फ्रान्सची अण्वस्त्रे ठेवण्यासाठी भुयारे होती. ती क्षेपणास्त्रे आता काढली गेली आहेत. पठारावरील विवरांत शास्त्रज्ञांनी फ्लुओरेसीन नावाचा हिरवा रंग टाकून पाहिला, आणि तो रंग डोंगराखालून प्रवास करून एकाच ठिकाणी बाहेर पडला. आम्ही तेथेच निघालो होतो.

वाटेत, काब्रिएर गावाजवळ, झाडीतून जाणारी एक दगडी भिंत लागते. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड रचलेला. १७२० साली एका जहाजातून मार्सेय बंदरात प्लेग आला. त्या वेळी हा भाग पोपच्या सत्तेखाली होता. रोग उत्तरेकडे येऊ नये म्हणून १७२१ साली डोंगरातून सुमारे सत्तावीस किलोमीटर लांबीची ही भिंत गावकऱ्यांकडून बांधून घेतली आणि तिच्यावर पहारे बसवले. भिंत उभी राहिली, आणि त्याच वर्षी प्लेग आव्हिन्योंत शिरला. मग पहारेकरी भिंतीच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले, आता आतल्यांना बाहेर पडू न देण्यासाठी. १८९६ नंतरच्या मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या कथा आजीकडून ऐकलेल्या, आणि २०२० सालच्या टाळेबंदीत स्वतः घरी अडकलेल्या माणसाने त्या भिंतीवर हात ठेवला की फार काही बोलावेसे वाटत नाही.

दुपारी आम्ही फोंतेन-द-व्होक्लूझ येथे उतरलो. ‘व्होक्लूझ’ म्हणजे बंद दरी. सर्व बाजूंनी कडे, आणि शेवटी दोनशे मीटरांहून उंच भिंतीच्या पायथ्याशी एक गडद, निश्चल डोह. फ्रान्समधील हा सर्वांत मोठा झरा. व्हांतू आणि आजूबाजूच्या सुमारे अकराशे चौरस किलोमीटर मुलखात मुरलेले पावसाचे आणि बर्फाचे पाणी येथे बाहेर येते. वर्षाची सरासरी काढली तर दर सेकंदाला सुमारे अठरा ते वीस घनमीटर, आणि पुरात त्याच्या पाचपट. डोहाच्या तळाचा शोध घेण्यासाठी १८७८ पासून पाणबुडे उतरत आले. १९४६ साली प्रसिद्ध सागरसंशोधक झाक-ईव्ह कुस्तो येथे मरता मरता वाचले. अखेर १९८५ साली एक यंत्रमानव ३०८ मीटर खोलीवर तळाला टेकला.

उन्हाळ्यात डोह काठ ओलांडत नाही. पाणी थोडे खाली, दगडांच्या फटींतून निघते आणि पाहता पाहता नदी होते. हिरवी, काचेसारखी, हाडे गोठवणारी. हीच सोर्ग. आपणांस आठवत असेल, नेस्क शेवटी जिला मिळते ती नदीही सोर्गच. पावसाळ्यात नेस्क उजेडातून तिच्याकडे जाते. तिच्या मुलखात मुरलेले पाणी अंधारातून तिच्याकडे येते.

पेत्रार्क याच गावी कित्येक वर्षे राहिला. मी काठावर बसून पाण्यात पाय सोडले. काल ज्या खडकावर तहानेने बसलो होतो, तो येथून सरळ रेषेत फार दूर नव्हता. “काका, फोटो काढू?” पुतणीने विचारले. मी म्हणालो, “थांब जरा.” मला त्या वेळी फळ्यावरील ते वाक्य आठवत होते, आणि ते उतरून घेणारी तीस वर्षांची मुले आठवत होती.

हे सारे केवळ कौतुक म्हणून सांगितले नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात फ्रान्सला भीषण अवर्षणाने गाठले, आणि शंभराहून अधिक गावांतील नळ कोरडे पडले. त्यांना टँकरने पाणी पोचवावे लागले. मराठवाड्यात किंवा बुंदेलखंडात ज्यांचे नातलग आहेत, त्यांना टँकर या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. चुनखडीच्या प्रदेशात आणखी एक धोका असतो. आपली माती पाणी गाळत गाळत खाली सोडते. चुनखडीच्या नळ्या काहीच गाळत नाहीत. पठारावरच्या विवरात जे टाकले जाईल, ते काही दिवसांत किंवा आठवड्यांत खालच्या गावाच्या पेल्यात येते. पूर्वी खेडुत मेलेली जनावरे विवरांत टाकीत असत. हिरव्या रंगाच्या प्रयोगांनी त्याचा अर्थ लोकांना समजावला.

आपल्यापैकी कोणास हा प्रवास करावयाचा असेल, तर मे-जून किंवा सप्टेंबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन फार आणि वाहनेही फार. सकाळी लवकर निघावे. प्रत्येकी दोन बाटल्या पाणी तरी घ्यावे, आणि ते व्हील-स्यूर-ओझों येथेच भरावे. साठी ओलांडली असेल तर बॅटरीची सायकल घेण्यात कमीपणा मानू नये. गावाबाहेरील रस्त्यावर सायकलस्वाराला ओलांडताना मोटारवाल्याने दीड मीटर अंतर ठेवावे असा तेथे कायदा आहे, आणि आमच्या अनुभवात तो बहुतेक पाळला गेला. बारा वर्षांखालील मुलांना शिरस्त्राण सक्तीचे आहे. परतीसाठी लील-स्यूर-ला-सोर्ग या जवळच्या गावातून आगगाडी मिळते. तेथे सोर्गच्या प्रवाहावर शेवाळाने माखलेली जुनी पाणचक्रे अजून फिरतात, तीही पाहावीत.

इंदूरला परतल्यावर मी माझ्या शाळेत गेलो. माझ्या जागी आता माझाच एक जुना विद्यार्थी भूगोल शिकवतो. त्याने वर्गावर बोलावले. मी फळ्यावर पुन्हा ते पठार काढले, निळी नदी आणली, आणि सवयीने म्हणू लागलो, “येथे पाणी...” मग थांबलो. मुलांना सांगितले की वहीत ‘नाहीसे होते’ असे लिहू नका, ‘खाली जाते’ असे लिहा. आणि तुटक रेघ मी या वेळी पूर्ण काढली.